सिम नॉट सपोर्टेड, आणि जावयांना सांगायचं कसं?

प्रश्न: मी सांगलीची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या दिवाळीत मुलगी-जावई डलासहून आले होते. जावयांनी स्वतःसाठी नवा फोन घेतला होता, म्हणून त्यांचा आयफोन १३ मला दिला. इथे असताना वायफायवर सगळं चालवून दाखवलं. ते परत गेल्यावर मी माझं जिओचं सिम घातलं, तर 'सिम नॉट सपोर्टेड' असं आलं. मिस्टरांचं एअरटेलचं घालून पाहिलं, तेच. एक दुकानदार म्हणाला, दीड हजारात चिप टाकून देतो. दुसऱ्याने 'कायमचं ऑनलाइन अनलॉक' म्हणून साडेसात हजार आगाऊ मागितले. मिस्टर म्हणतात, फुकटचा फोन, कपाटात ठेव. मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारते, "आई, नव्या फोनवरून बोलतेस ना?" आणि मी हो म्हणते. जावयांना सांगावं तर दिलेल्या वस्तूत खोट काढल्यासारखं होईल. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर:

बाई,

दोन्ही दुकानदारांना आज तरी नाही म्हणा आणि फोन कपाटातून बाहेर काढा. तो बिघडलेला नाही. बहुतेक करून एक पैसाही खर्च न होता तुमचं जिओचं सिम त्यात चालायला लागेल. फक्त ते काम सांगलीत होण्यासारखं नाही, जावयांनीच करायचं आहे. तेव्हा त्यांना सांगावं लागणार, हे आधी मनाशी पक्कं करा. कसं सांगायचं ते पुढे लिहिते.

आपल्याकडे फोन एका दुकानातून घ्यायचा आणि सिम वेगळं घ्यायचं, ही रीत. हप्त्याने घेतला तरी हप्ते बँकेचे नाहीतर फायनान्स कंपनीचे. जिओ-एअरटेलचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून एका कंपनीच्या फोनने दुसऱ्या कंपनीचं सिम नाकारावं, हे आपल्याला विचित्र वाटतं. तसा हा प्रकार आपल्याकडेही येऊन गेला आहे. २००३ साली रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये घेऊन घरोघर फोन दिले होते, आठवतं? ते दुसऱ्या कुणाच्या नेटवर्कवर चालत नसत. २०१७मध्ये दीड हजार अनामत घेऊन दिलेला जिओफोन, त्यातही जिओशिवाय दुसरं सिम चालत नाही. कंपनी स्वतःच्या खिशातून फोन स्वस्त करते तेव्हा गिऱ्हाईक पळून जाणार नाही याची सोय आधी करून ठेवते.

अमेरिकेत फोन घेण्याचा हाच मुख्य रस्ता आहे. एटी अँड टी, टी-मोबाइल, व्हेरायझन या तिथल्या मोठ्या कंपन्या फोन देतात आणि त्याची किंमत महिन्याच्या बिलात दोन-तीन वर्षं थोडी थोडी वसूल करतात. पैसे फिटेपर्यंत फोन आपल्याच सिमवर चालावा, अशी तजवीज केलेली असते. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं ना, तसं समजा. कर्ज फिटलं तरी बँकेची एनओसी आणून आरटीओत नोंद काढून घेईपर्यंत ते नाव तिथेच राहतं. आणि गॅरेजवाला कितीही हुशार असला तरी ते नाव त्याला खोडता येत नाही.

तुमच्या फोनचं बहुधा हेच झालं आहे. आयफोन १३ बाजारात आला सप्टेंबर २०२१मध्ये. जावयांनी तो पहिल्या वर्षभरात घेतला असेल, तर तीन वर्षांचे हप्ते कधीच संपले. नोंद काढायची तेवढी राहून गेली.

आता ही नोंद असते कुठे, हे कळलं की दुकानदारांचा प्रश्न आपोआप सुटतो. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. कोणता आयएमईआय कुठल्या कंपनीच्या सिमवर चालायचा, याची नोंद आयफोनच्या बाबतीत अ‍ॅपलच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर असते. तुम्ही सिम घातलंत, फोनने वायफायवरून त्या सर्व्हरला विचारलं, आणि तिकडून नकार आला. 'सिम नॉट सपोर्टेड'च्या खालचा बारीक मजकूर वाचलात तर त्यात 'अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर'ने ठरवलेल्या धोरणाचा उल्लेख दिसेल. ही नोंद बदलण्याचा अधिकार फोन विकणाऱ्या सिम कंपनीला. ती अ‍ॅपलला कळवते, मग सर्व्हरचं उत्तर बदलतं. अ‍ॅपल स्वतःही ग्राहकांना हेच सांगते: तुमच्या सिम कंपनीशी बोला, आम्ही परस्पर लॉक काढत नाही.

मग ते साडेसात हजारवाले काय करतात? काही जण पैसे घेऊन गायब होतात, ते सोडून देऊ. पण हे काम खरोखर करून देणाऱ्यांनी ते कसं केलं, याची एक हकीकत अमेरिकेतल्या कोर्टात नोंदली गेली आहे. २०१२पासून काही वर्षं एका टोळीने सिअ‍ॅटलजवळच्या बोथेल गावातल्या एटी अँड टीच्या कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना लाच चारली. पुढे तर त्यांच्याच हातून कंपनीच्या संगणकांत चोरटं सॉफ्टवेअर घालून घेतलं. सुमारे १९ लाख फोन असे अनलॉक झाले, कंपनीचं नुकसान २० कोटी डॉलरच्या वर गेलं, आणि म्होरक्याला सप्टेंबर २०२१मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या तयारीच्या माणसालाही फोन हातात घेऊन काही करता आलं नाही. त्याला कंपनीच्या आतच शिरावं लागलं. आता तुमच्या गावातला माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर आयएमईआय मागून काय करणार, ते तुम्हीच ठरवा.

चिपवाला त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा, कारण त्याची वस्तू निदान डोळ्यांना दिसते. कागदासारखी पातळ पट्टी असते, आर-सिम वगैरे नावांची. ती सिमखाली बसते आणि हे सिम मूळ कंपनीचंच आहे असं फोनला भासवते. काही दिवस चालतंही. मग एखादा अपडेट येतो, नेटवर्क जातं, आणि तुम्ही पुन्हा त्याच्या काउंटरवर. नोंद मात्र जागच्या जागी. तरुण पोराने हौस म्हणून केलं तर गोष्ट वेगळी. तुमचं पेन्शन, बँकेचे ओटीपी, गॅसचं बुकिंग सगळं याच नंबरवर असणार. तो नंबर असल्या पट्टीच्या भरवशावर ठेवू नका.

आता कामाला लागू. फोन वायफायला जोडा. सेटिंग्ज, त्यात जनरल, त्यात अबाउट. खाली सरकत गेलं की 'कॅरियर लॉक' अशी ओळ सापडेल. तिथे 'सिम लॉक्ड' असं असेल तर माझा वरचा अंदाज बरोबर. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं असेल तर लॉक मुळात नाहीच आणि घोटाळा दुसराच काही आहे. मग सिम बदलून घ्या किंवा अ‍ॅपलच्या अधिकृत सेवा केंद्रात दाखवा. त्याच पानावर आयएमईआय आहे. आयफोन १३मध्ये दोन दिसतील, त्यातला पहिला घ्या. या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आकडे हाताने उतरवू नका, एक आकडा चुकला की सगळा पत्रव्यवहार फुकट.

फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरू करून बघायचा मोह होईल, मिस्टर कदाचित सुचवतीलही. आत्ता करू नका. सेटिंग्ज उघडल्यावर सगळ्यात वर कुणाचं नाव दिसतं ते आधी पाहा. जावयांचं नाव असेल तर त्यांचं अ‍ॅपल खातं अजून फोनमध्ये आहे. तशा अवस्थेत फोन पुसलात तर तो उघडताना त्यांचा पासवर्ड मागेल आणि मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. सिमच्या लॉकशी तिचा काही संबंध नाही, पण लोक दोन्हींची गल्लत करतात आणि दुकानदार त्या गल्लतीवर पैसे मिळवतात. जावयांना डलासमध्ये बसून अ‍ॅपलच्या आयक्लाउड या साइटवरून हा फोन आपल्या खात्यातून काढून टाकता येतो. त्यासाठी त्यांनी तुम्हाला पासवर्ड पाठवायची गरज नाही, आणि तुम्हीही मागू नका.

आता जावयांकडे वळते. बाई, तुम्ही ज्याला खोट म्हणता ती त्यांना दिसण्याची शक्यताच नव्हती. त्यांच्या हातात असताना फोनमध्ये त्यांच्याच कंपनीचं सिम होतं. ते सांगलीला आले तेव्हाही त्याच सिमचं रोमिंग चाललं असतं, आणि तुमच्या घरात तर वायफाय होतं. लॉक असलेला फोन कुरकुर करतो तो दुसऱ्याच कंपनीचं सिम दिसल्यावर, आणि तसं सिम पहिल्यांदा तुम्ही घातलंत. तेव्हा यात त्यांचा निष्काळजीपणा नाही आणि तुमचं बोलणं ही तक्रार नाही. उलट महिनोन्‌महिने हो-हो करून एक दिवस मुलीला कपाटात तो फोन सापडला, तर अवघडलेपण कितीतरी जास्त होईल.

मुलीमार्फत निरोप द्यावा असं वाटेल. द्या हवं तर, पण निरोप तोंडी फिरला की "आईचा फोन चालत नाही म्हणे" एवढाच उरतो, आणि मग जावई बॅटरी, चार्जर, चार्जरची वायर असं विचारत बसतील. मी तुमच्या जागी असते तर सरळ त्यांनाच लिहिलं असतं. साधारण असं:

"तुम्ही दिलेला फोन फार आवडला. त्यात माझं सिम घातलं की 'सिम नॉट सपोर्टेड' येतं. फोन तुमच्या तिकडच्या सिम कंपनीला लॉक असेल तर असं होतं, असं कळलं. सोबत स्क्रीनशॉट पाठवते आहे, त्यात आयएमईआय नंबर आहे. सवडीने कंपनीच्या साइटवर अनलॉकची विनंती टाकाल का? फोनचे हप्ते राहिले असतील तर माझ्यासाठी आधी भरू नका, मला घाई नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. तिथल्या पुष्कळ योजनांमध्ये जुना फोन दिल्याची किंवा नवं कनेक्शन घेतल्याची सवलत एकदम मिळत नाही, ती दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी वळती होते. राहिलेली रक्कम एकदम भरली तर पुढची सवलत हातची जाऊ शकते. सासूबाईंचा फोन चालावा म्हणून जावयांनी तसा भुर्दंड सोसावा, हे तुम्हालाही आवडणार नाही. आणि बिल चुकून थकलेलं असेल, तर ते काय ते त्यांचं ते निस्तरतील. तुम्ही विचारू नका.

कंपनी कोणती यावर पुढचं अवलंबून आहे. एटी अँड टी असेल (तिचं मुख्यालय डलासमध्येच आहे, त्याचा आपल्याला उपयोग शून्य) तर त्यांच्या साइटवर अनलॉकसाठी वेगळं पान आहे. फोनची पूर्ण किंमत फिटलेली असावी, तो निदान ६० दिवस त्यांच्या नेटवर्कवर चाललेला असावा, हरवल्याची किंवा चोरीची नोंद नसावी, अशा अटी. अर्ज भरला की ईमेल येते, त्यातल्या दुव्यावर २४ तासांच्या आत होकार द्यायचा असतो. ही ईमेल स्पॅममध्ये जाऊन अर्ज बाद होणं फार सोपं आहे, एवढं जावयांच्या कानावर घाला. उत्तर साधारण कामाच्या दोन दिवसांत येतं. टी-मोबाइलला फिटलेले पैसे आणि ४० दिवसांचा वापर लागतो, तिथे खातेदाराने कंपनीशी बोललेलं बरं. व्हेरायझनने २०१९पासून बरीच वर्षं खरेदीनंतर ६० दिवसांनी लॉक आपोआप काढायची पद्धत ठेवली होती, त्यामुळे त्या काळातला त्यांचा फोन असता तर तुम्हाला हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

प्रीपेडवर घेतलेल्या फोनचे नियम जास्त कडक आहेत: एटी अँड टीत सहा महिने, टी-मोबाइलमध्ये तर वर्षभराचा वापर मागतात. हा वापर त्यांच्या नेटवर्कवरचा मोजतात. सांगलीतल्या कपाटात घालवलेले महिने त्यात धरत नाहीत. जावयांचा फोन प्रीपेडचा असण्याची शक्यता कमी वाटते, पण असलाच तर तो पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर परत जाऊ द्या.

कायदा या बाबतीत तुमच्या बाजूने आहे, हेही मनात असू द्या, म्हणजे काही चोरटं करतोय असं वाटणार नाही. अमेरिकेत २०१३च्या जानेवारीत, नव्या फोनचं लॉक कंपनीच्या परवानगीशिवाय काढणं बेकायदा झालं होतं. त्यावर लाखावर लोकांनी व्हाइट हाउसकडे सह्यांचा अर्ज केला आणि १ ऑगस्ट २०१४ला ओबामांनी अनलॉकिंगला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. कॅनडाने डिसेंबर २०१७पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१पासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली. जावई टोरंटोला किंवा लंडनला असते आणि फोन त्यानंतर घेतलेला असता, तर हा प्रश्नच आला नसता.

मंजुरीची ईमेल आली म्हणजे तुमच्या हातातल्या फोनवर काही घंटा वाजणार नाही. फोन वायफायला जोडा, जिओचं सिम घाला आणि थोडा वेळ थांबा. अबाउटच्या पानावर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' आलं की झालं. तरीही जुनाच संदेश हटून बसला, तर मात्र फोन पुसून पुन्हा सुरू करायचा, अर्थात जावयांचं खातं निघाल्याची खात्री करून. तशी वेळ आली तर त्याच बैठकीत 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅपलचं अ‍ॅप वापरून तुमच्या जुन्या अँड्रॉइडमधले फोटो, नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपही इकडे आणा. नेटवर्कची काळजी नको. आयफोन १३च्या अमेरिकी मॉडेलवर जिओ, एअरटेल दोन्ही व्यवस्थित चालतात.

तोपर्यंत फोन पडून राहायचं कारण नाही. घरच्या वायफायवर तो आजही चालतो. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या फोनवर तसंच ठेवून या फोनला 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडता येतं, म्हणजे मुलीला उद्यापासून खरं उत्तर देता येईल. गूगल पे, फोनपे मात्र बसणार नाहीत. त्यांना नोंदणीचा एसएमएस त्याच फोनमधल्या सिमवरून जावा लागतो. कंपनीने नकार दिलाच तरी हा वापर तुमच्या हातात राहतोच. अशा वेळी दुकानदार "मीच घेतो" म्हणून किरकोळ पैसे पुढे करेल. जावयांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ज्यांना फोन भेट मिळालेला नाही, जे 'यूएस मॉडेल, स्वस्तात' अशी जाहिरात बघून जुना फोन विकत घेतात, त्यांची अशी पत्रं बरीच येतात. त्यांना अमेरिकेत अर्ज करणारा जावई कुठून मिळणार? मूळ खातेदार कोण, पैसे फिटले का, काहीच माहीत नसतं. त्यांनी पैसे देण्याआधीच स्वतःचं सिम घालून एक कॉल करून बघावा आणि सिमचा ट्रे बाहेर ओढून सिमखाली काही चिकटवलं आहे का ते पाहावं. इंग्रजीत KYM लिहून, एक जागा सोडून आयएमईआय लिहून १४४२२ला एसएमएस करावा. फोन भारतात काळ्या यादीत असेल तर सरकारच्या 'संचार साथी' या सेवेच्या नोंदीत ते कळतं. विक्रेता "घरी जाऊन सिम घाला, चालू होईल" म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं.

आणि बाई, पुढच्या दिवाळीला मिस्टरांसाठीही असाच एखादा फोन येणार असेल, तर तो बॅगेत भरण्यापूर्वी तिथेच दोन गोष्टी करायला सांगा: अनलॉकचा अर्ज आणि स्वतःच्या अ‍ॅपल खात्यातून फोन काढणं. आयफोन १४पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनना सिम घालायची खाचच नाही, त्यात ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम लागतं. मिस्टरांचं एअरटेल ई-सिम देतं, पण एकदा ते घेतलं की सिम काढून पटकन जुन्या फोनमध्ये टाकण्याची त्यांची सवय मोडावी लागेल. त्यांना चालणार आहे का, ते आधी विचारून घ्या.